लांब मानेचा मोर

नळाला पाणी सकाळी तासभर यायचं आणि त्यातली पंधरा मिनिटं अक्का खायची. घागर नळाखाली लावायची, कमरेवर हात ठेवायची, रांगेकडं तोंड करायची आणि म्हणायची, "बायांनो, आत्ताच बघून घ्या मला. नंतर लई गर्दी होईल. मग तुम्हाला कुणी पुढं सोडणार नाही."

रांगेत बांगडीवाली असायची. ती बोलल्याशिवाय राहायची नाही. "क्या की अक्का, आज किसका सत्कार है?"

"आज नाही. पण होणार आहे."

"घागर भरली, ती आधी उचल की. तिचा सत्कार कर."

सगळ्या हसायच्या. मीसुद्धा हसायचे. पण खरं लिहायला बसलेय तर खरंच लिहिते, माझं हसू वरवरचं होतं. कारण जे अक्का त्या नळावर ओरडून सांगायची, तेच मी मनात म्हणत असे. मला लहानपणापासून वाटायचं, आपण काहीतरी वेगळ्या आहोत. देवानं आपल्याला नुसत्या भाकऱ्या थापायला धाडलेलं नाही. पण असं कुणाजवळ बोलायची सोय होती का? करमाळ्याकडच्या खेड्यातली चौथी पास पोरगी, लग्न होऊन सोलापुरात आलेली. मी बोलले असते तर सासूनं डोक्यावर थंड पाणी ओतलं असतं. आणि ही बाई, जिला अक्षर येत नव्हतं, ती रोज सकाळी रांगेपुढं उभी राहून बिनधास्त बोलायची. तिथंच माझं पित्त पहिल्यांदा खवळलं.

अक्का म्हणजे आमच्या गल्लीतल्या तेलुगू विणकराची बहीण. वय पंचेचाळिसाच्या आसपास. लहानपणीच नवरा गेलेला, तेव्हापासून भावाच्या घरी. पलीकडच्या गल्लीत एका मालकाचा चादरींचा कारखाना होता, आठ हातमागांचा. भाऊ तिथं विणायचा, आणि ही त्या आठही मागांच्या कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावतो त्या धोट्यात बसते ती, आडव्या सुताची. अक्काची कांडी इतकी घट्ट आणि सारखी की धागा कधी तुटायचा नाही. तिला मात्र त्याचं काही वाटायचं नाही. "कांड्या काय, कुणीबी भरेल," म्हणायची. "मी जन्मले तेव्हा आमच्या घरचे माग आपोआप थांबलेले. ते काय कांड्या भरायला?"

"थांबतील नाही तर काय," बांगडीवाली म्हणाली, "तुझी आईच विणत होती ना त्याच्यावर? बाळंत व्हायला उठली, थांबला माग."

तिची सही होती. लिहिता येत नसताना सही! एक गोल, त्यात टिंब, आणि खाली लांब वळलेली शेपटी. ती घागरीवर चुन्यानं काढायची, भिंतीवर कोळशानं काढायची. विचारलं तर म्हणायची, "सवय पाहिजे की हाताला. उद्या चार लोक सही मागतील, तेव्हा काय अंगठा देऊ?" आणि ट्रंकेत एक जांभळं इरकली लुगडं होतं, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं. ते सत्काराचं. वर्षातून एकदा गल्लीत दोरीवर उन्हाला टाकायची आणि स्वतः खाली स्टूल टाकून राखण बसायची. नवी पेठेतल्या फोटोवाल्याकडं जाऊन फोटोसुद्धा काढून आलेली. डावीकडं तोंड करून. का, तर पेपरात तसा बरा दिसतो.

आता माझं सांगते. आमच्या ह्यांचं काम पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं. चादरीवर जी नक्षी असते, ती आधी चौकटीच्या कागदावर काढतात, एकेक चौकोन भरून. कागदावरच्या एका ओळीचा एक पुठ्ठा. चौकोन भरलेला असेल तिथं भोक, रिकामा असेल तिथं नाही. मग सगळे पुठ्ठे माळेसारखे ओवून मागावर चढवायचे, की भोकाप्रमाणं माग आपोआप उभे धागे उचलतो. ते काम हे आमच्या पुढच्या खोलीतच करायचे, त्यामुळं घरात त्या कागदांचा कधी तुटवडा नव्हता. माझा हात रांगोळीनं तयार झालेला. ह्यांनी टाकलेले कागद मी गोळा केले, दाभणानं शिवून वही केली आणि दुपारी सासू झोपली की नक्षी काढत बसायचे. फुलं नाही, मोर नाही. ज्वारीची कणसं. वाऱ्यानं एका अंगाला झुकलेली. ती वही पिठाच्या डब्याखाली असायची. ह्यांनी एकदा बघितली. म्हणाले, "छान आहे." आणि आपल्या कामाला लागले. पुढं मी काही बोलले नाही, त्यांनी काही विचारलं नाही.

ह्या कामात एक गोम असते, ती मला ह्यांच्याजवळ बसून बसून ठाऊक झालेली. चादरीत आडवा धागा जाड असतो आणि उभा बारीक. म्हणून कागदावर जे सरळ दिसतं ते मागावर उंच होऊन उतरतं. चित्र मागावर नीट यायचं असेल तर कागदावर ते बुटकं काढावं लागतं. दबलेलं, बसकं. कागदावर बघवत नाही, पण चादरीवर कसं अंग सरळ करून उभं राहतं! माझी कणसं मी तशीच काढलेली होती.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. एका दुपारी अक्का आमच्या दारात येऊन बसली. "पोरी, मला चौकोन भरायला शिकव. माझा मोर मालकाच्या चादरीवर चढवायचाय."

"अक्का, तुला साधी चिमणी काढता येत नाही."

"म्हणून तर आले की. येत असती तर कशाला आले असते?"

मी शिकवलं. कागद दिले, पेन्सिल दिली, एक फूल करून दाखवलं. आत कुठंतरी खात्री होती, हिला काय जमतंय! दुसऱ्या दिवशी तिनं मोर आणला, तो कोंबडीसारखा दिसत होता. तिसऱ्या दिवशीचा आजारी कोंबडीसारखा. पण ती काढतच राहिली. हिकडं कांड्या भरायची, तिकडं चौकोन भरायची. एक दिवस म्हणाली, "मी खरा मोर कुठं बघितलाय? तुझ्या माहेरी असतात ना?"

"शेतात पैशाला पासरी."

"मग येते बघून."

आणि गेली की हो! कुणाला विचारलं नाही, भावाला जाताना सांगितलं. एसटीत बसून माझ्या माहेरी, माझ्या आईकडं, चार दिवस. त्या शेतात मी अठरा वर्षं राहिले, मोर माझ्या पायापुढनं गेले, मला एकदासुद्धा वाटलं नाही की बसून नीट बघावं. परत आली तेव्हा तिच्या काखेत एक गोधडी होती, आईच्या हातची. मला लग्नात दिली तिच्यापेक्षा मऊ.

"तुझी आई लई चांगली बाई," अक्का गोधडी उलगडत म्हणाली. "मला म्हणते कशी, 'लई जिद्दीची हायस बाई तू. आमची लेक हुशार हाय, पण नुस्ती बसून ऱ्हाती. तिला जरा तुझ्यासंगं ने की.' मी म्हणलं, नेते की."

मी म्हटलं, "चहा घेणार का?" चहात साखर घालायची मी विसरले. अक्कानं तसाच प्यायला.

त्यानंतरचा मोर, काय सांगू, मोर होता. पिसारा मिटलेला, मान उंच, एक पाय उचललेला. चौकोन थोडे वेडेवाकडे भरलेले, पण जीव होता त्याच्यात. आणि तो कागदावर अगदी सरळ, देखणा उभा होता. म्हणजे मागावर काय होणार, ते मला दिसत होतं.

"कसा आहे?" अक्कानं विचारलं.

माझ्या तोंडात शब्द आलेले होते. 'अक्का, ह्याला बुटका कर.' एवढंच बोलायचं होतं.

मी म्हटलं, "छान आहे."

मालकानं अर्थातच उडवून लावलं. "अक्का, तुला लिहिता तरी येतं का?"

"मोराला येतं का? तरी लोक बघतात की."

"जा, कांड्या भर."

अक्का घरी गेली आणि तिनं कांड्या भरणं बंद केलं. भावानं समजावलं, वहिनी रडली. अक्का दारात पाय पसरून बसली. "एक मोर विणा. मग भरते." मालकानं दुसरी बाई लावून बघितली. तिच्या कांड्या ढिल्या, धागा घडोघडी तुटायचा, विणकर शिव्या द्यायचे. चौथ्या दिवशी मालक स्वतः गल्लीत आला. "एक नमुना विणून देतो. नाही जमला तर परत नाव काढायचं नाही."

"नाही जमला तर दुसरा काढीन," अक्का म्हणाली.

पुठ्ठे करायला तो कागद आमच्याच घरी आला. ह्यांनी बघितला आणि मान वर केली. "अगं, हा लांबट उतरेल. तू तिला सांगितलं नाहीस का?"

मी भाकरी थापत होते. मागं वळून न बघता म्हटलं, "सांगितलं होतं. ती ऐकतेय होय कुणाचं?"

हे सरळ माणूस. बायको बोलली म्हणजे खरं. त्यांनी भोकं पाडली.

नमुना मागावरून उतरायचा त्या दिवशी अक्का जांभळं लुगडं नेसून गेली. गल्लीतल्या निम्म्या बाया तिच्या मागं, त्यात मी पुढं. विणकरानं चादर कापून अंगणात पसरली. मोराची मान उंटासारखी झालेली. पाय बगळ्याचे. तोंड बघाल तर कुठल्या कुठं वर, आपलेच पाय शोधतंय असं. मग मालकच म्हणाला, "अक्का, मोर सांगितलेला, उंट कुठनं आणलास?" आणि सगळा कारखाना हसायला लागला. विणकर हसले, बाया हसल्या, अक्काचा भाऊ मान खाली घालून हसला. बांगडीवाली तेवढी हसली नाही, तिनं पदर तोंडाला लावला. आणि मी? माझ्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत मी हसले. इतकं मोकळं मी सासरी आल्यापासून हसले नव्हते.

अक्का जांभळ्या लुगड्यात उभी. मग खाली बसली, कागद चादरीशेजारी ठेवला आणि वितीनं मोजायला लागली. कागदावरची मान, चादरीवरची मान. कागदावरचा पाय, चादरीवरचा पाय. पुन्हा पुन्हा. हसून हसून लोक दमले, कामाला लागले, तरी तिचं मोजणं चालूच. शेवटी स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "माग वाढवून सांगतोय की. मग आपण कमी सांगायचं."

जी गोष्ट मला ह्यांच्याजवळ बसून दोन वर्षांत कळली, ती तिला अंगणात बसून तासाभरात कळली. माझं हसू तिथंच आटलं.

दुसरा मोर तिनं सहा दिवसांत भरला. कागदावर बदकासारखा बुटका. मालक 'नको' म्हणेना, कारण पुन्हा कांड्या बंद पडल्या असत्या. आणि हा उतरला तो असा, की विणकर माग थांबवून बघायला आले. मालकानं चादर हातात घेतली, झटकली, उन्हात धरली. कोपऱ्यात एक गोल होता, त्यात टिंब आणि खाली वळलेली शेपटी.

"हे काय?"

"वेल आहे," अक्का म्हणाली.

"बरी आहे. राहू दे."

ह्या वेळी जांभळं लुगडं नव्हतं. नेसायला तिला वेळच नव्हता. सकाळी आठ मागांच्या कांड्या भरून ती तशीच सुताच्या तुसांनी भरलेल्या पातळावर आलेली. घरी परतताना गल्लीत मला म्हणाली, "पुढचा हत्ती."

त्या मोराच्या चादरी नवी पेठेतल्या दुकानांत लागल्या. अर्थात वर चिठ्ठी मालकाची. लोक मोर म्हणून घ्यायचे, अक्काला कोण ओळखतंय! पण ती रस्त्यानं जाताना दुकानापुढं थांबायची, टांगलेल्या चादरीचा कोपरा उलटून बघायची आणि मान हलवून पुढं जायची. जशी काही सही तपासायला आलेली.

त्याच दिवसांत ती आमच्याकडं आली. काखेत पहिली चादर, उंटमानेची.

"ही तुला."

"मला कशाला, अक्का?"

"तुला सगळ्यात जास्त आवडला हा. सगळ्यात जास्त तूच हसलीस की."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. राग नव्हता. हसूही नव्हतं. तिला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी विचारायचं धाडसही केलं नाही. तेवढ्यात ती उठली, सरळ आत गेली, पिठाचा डबा उचलला आणि खालची वही काढली. तिला माहीत होती! चौकोन शिकायला यायची तेव्हा बघितली असणार. एकेक पान उलटलं. कणसांवर बोट फिरवलं.

"बुटकी काढलीस," ती म्हणाली.

म्हणजे हिला आता कळलं, की मला ठाऊक होतं.

पण ती एवढंच म्हणाली, "माझ्या मोरापेक्षा चांगली आहेत. उद्या सकाळी मालकाकडं जाऊ. मी बोलते, तू नुसती उभी राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात. "निघायचं का?" मी म्हटलं, आज पाहुणे यायचेत. तिसऱ्या दिवशी आली. म्हटलं, सासूबाईंना बरं नाही. चौथ्या दिवशी आली. म्हटलं, अजून दोन पानं नीट करायची आहेत, अक्का, मग बघू.

"मग म्हणजे कधी?"

"मग म्हणजे मग."

पाचव्या दिवशी ती आली नाही.

पाहुणे खोटे नव्हते, सासू आजारी होतीच. पण ते कारण नव्हतं. माझा हात तिच्याहून चांगला, मला ते ठाऊक, तिलाही ठाऊक, आणि मी तिच्या मागनं, तिचा पदर धरून, तिनं तोंड उघडावं म्हणून मालकापुढं उभी राहायची? दुसरी म्हणून? मी पहिली जाणार होते. स्वतःहून, माझ्या दिवशी. तो दिवस मी फार नीट जपून ठेवला. अक्काच्या जांभळ्या लुगड्यासारखा. फरक एवढाच, की तिनं तिचं लुगडं एकदा तरी नेसलं, भले सगळा कारखाना हसला.

मोरानंतर हत्ती झाला, हत्तीनंतर आंब्याची कोयरी. नळावरचं बोलणं काही सुटलं नाही. "बघून घ्या, नंतर गर्दी होईल." सत्कार काही झाला नाही, फोटो पेपरात आला नाही. बऱ्याच वर्षांनी ती गेली तेव्हा भावानं तेच जांभळं लुगडं तिच्या अंगावर घातलं. मी दारात उभी राहून माणसं मोजली. गल्लीतलीच होती, वर चारदोन विणकर. आणि माझ्या मनात आलं, कुठाय गं अक्का तुझी गर्दी? असं मनात आलं, ते लिहून ठेवते. बरं वाटलं मला.

त्याच थंडीत माहेरी जायला एसटी स्टँडवर गेले. सकाळची वेळ, धुकं, गाड्यांना उशीर. बाकावर सांगोल्याकडचा एक धनगर पाय पोटाशी घेऊन झोपलेला, अंगावर मोर. त्याच्या पलीकडं एक बाई पोर पाजत बसलेली, खांद्यावरनं हत्ती. फरशीवर एक आख्खं कुटुंब एका चादरीखाली, मोराची पिसं त्यांच्या घोरण्यानं वरखाली होतायत. तिकिटाच्या खिडकीपुढच्या रांगेत पुन्हा मोर, पुन्हा मोर. आणि ज्याच्या त्याच्या कोपऱ्याला तो गोल, ते टिंब, ती शेपटी. मला वाट काढून पुढं जाता येईना. 'मग तुम्हाला कुणी पुढं सोडणार नाही,' म्हणायची ना?

मेलेल्या माणसावर कुणी जळतं का? मी त्या स्टँडवर उभी राहून जळले.

उंटमानेची चादर अजून माझ्याकडं आहे. थंडीत तीच घेते. मोर लांब असल्यामुळं पाय उघडे पडत नाहीत, हे मात्र खरं. परवा डबे घासायला काढले, तेव्हा नातसुनेला खाली वही सापडली. पानं पिवळी पडलेली. तिनं उघडून बघितली आणि म्हणाली, "आजी, ही कणसं अशी दबकी दबकी का काढलीत? नीट उभी का नाहीत?"

मी तिला सगळं समजावलं. जाड धागा, बारीक धागा, कागदावर कसं बुटकं काढायचं आणि मागावर चढलं की ते कसं सरळ होतं.

"मग कधी चढवली मागावर?" तिनं विचारलं.

मी तिच्या हातातनं वही घेतली, पीठ झटकलं आणि डब्याखाली परत ठेवली. कणसं अजून बुटकीच आहेत.